चकवा लागला, तर खाली बसा

नकाशावरचं जंगल पांढरं होतं.

तो कागद मी दोनदा उलटासुलटा करून पाहिला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्क, नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे नऊ. भोवती बीच आणि ओकची उंच झाडं, पायाखाली घोटा बुडेल एवढा वाळका पाला, आणि हातातल्या नकाशावर या सगळ्याच्या जागी नुसता कोरा कागद. मी नकाशावाचन शिकलो ते कॉलेजात, एन.सी.सी.त, सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर. तिथे जंगल हिरवं, शेती पिवळी, वस्ती लाल. चाळीस वर्षं झाली तरी ते रंग डोळ्यांतून गेलेले नाहीत. भाचीच्या मुलीला म्हटलं, "अगं, शाई संपली वाटतं यांची."

"मामाआजोबा, पांढरं म्हणजे पळता येतं," बुटाच्या नाडीवर चिकटपट्टी गुंडाळत ती म्हणाली. "हिरवं म्हणजे अडकायला होतं. जितकं डार्क, तितकं जास्त."

हे पचायला मला जरा वेळ लागला. सरकारी नकाशा सांगतो की इथे काय आहे. हा नकाशा सांगत होता की इथून किती वेगानं जाता येईल. उंच, मोकळं, खाली झुडपं नसलेलं रान पांढरं. फिकट हिरव्यात पळण्याचं चालणं होतं, गडद हिरव्यात चालण्याचं सरपटणं. उघडं माळरान पिवळं, पाणी निळं, खडक आणि पायवाटा काळ्या, चढउताराच्या रेषा तपकिरी. एखादा माणसाएवढा सुटा धोंडाही काळ्या ठिपक्यानं दाखवलेला. आमच्या टोपोशीटवर असला धोंडा दाखवायचा म्हटला तर सह्याद्री नुसता काळा होईल.

मी पाहत होतो तो टेबलावर नमुन्याला ठेवलेला नकाशा. स्पर्धकाचा नकाशा त्याला स्पर्धा सुरू होईपर्यंत बघायला मिळत नाही. घड्याळ चालू झालं की मगच तो हाती पडतो. त्यावर जांभळ्या शाईत एक त्रिकोण असतो, तिथून निघायचं. मग क्रमांक घातलेली वर्तुळं, आणि शेवटी दुहेरी वर्तुळ. प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर मध्यावर, रानात कुठेतरी, तीस सेंटिमीटरची केशरी-पांढरी तीन बाजूंची झूल टांगलेली. याला कंट्रोल म्हणतात. बोटात अडकवलेली प्लास्टिकची कांडी तिथल्या डबीत घातली की पिप् असा आवाज येतो आणि वेळ नोंदली जाते. क्रम चुकला किंवा एक डबी राहिली, तर सगळं बाद. मधला रस्ता कोणता घ्यायचा, ते ज्याचं त्यानं बघायचं. फोन चालत नाही, नकाशा दाखवणारं घड्याळ चालत नाही. नकाशा, होकायंत्र आणि गळ्यात शिट्टी.

या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. मराठीत अजून शब्द नाही. 'दिशाशोध' वगैरे करून पाहिलं, पण ते भविष्याच्या सदरासारखं वाटतं.

आमची ही नात पंधरा वर्षांची. तिच्या शाळेत जे.आर.ओ.टी.सी. आहे, म्हणजे आपल्या एन.सी.सी.चं अमेरिकी भावंड. ते १९१६ च्या कायद्यानं सुरू झालं, आपली एन.सी.सी. १९४८ च्या. तिथे तीन हजारांहून जास्त शाळांत त्याची पथकं आहेत आणि शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेली माणसं. पुढे सैन्यात जायलाच हवं अशी सक्ती नाही. कवायत, नेमबाजी, अडथळ्यांच्या शर्यती हे सगळं आहेच, पण बऱ्याच शाळांचा ओरिएंटिअरिंगचा संघही असतो. संघ म्हणजे तीन ते पाच मुलं. प्रत्येकानं एकट्यानं धावायचं आणि पहिल्या तिघांचीच कामगिरी धरायची. चौथा आणि पाचवा नुसते धावतात. कोणते तीन धरले जाणार, हे सगळे परत येईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. संघातली मुलं रानात एकमेकांना भेटली तरी बोलायचं नाही. कबड्डी-खोखोत वाढलेल्या माणसाला ही सांघिकता जरा विचित्रच वाटते.

कोर्स रंगांनी ओळखतात. अगदी नवख्यांना पांढरा, मग पिवळा, मग केशरी, आणि त्यापुढे तपकिरी, हिरवा, लाल, निळा अशी चढण. पांढऱ्या कोर्सवर पायवाट सोडावी लागत नाही. केशरीपासून वाट सुटते. नात केशरी धावणार होती. नकाशावर सरळ रेषेनं मोजलं तर सव्वाचार किलोमीटर, अकरा कंट्रोल. प्रत्यक्षात पायांखाली किती जातं, ते ज्याच्या त्याच्या अकलेवर.

ते पार्क तसं साधं नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारनं ओसाड पडत चाललेली शेतजमीन घेऊन तिथे शहरातल्या गरिबांसाठी छावण्या बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात त्याच छावण्यांत ओ.एस.एस. या गुप्तहेर संघटनेची माणसं तयार झाली, रेडिओवाले आणि घातपातवाले. सी.आय.ए.चं पूर्वरूप ते हेच. पलीकडे कुंपणाला लागून क्वांटिकोचा मरीन तळ. त्याच नावाचा ओरिएंटिअरिंग क्लब १९७१ मध्ये निघाला, अमेरिकेचा राष्ट्रीय महासंघही त्याच वर्षीचा. तेव्हा या खेळाला लष्कराचा वास आहे हे खरंच. पण वास आहे म्हणून तो लष्करी खेळ होत नाही. हा फरक मला त्या दिवशी नीट कळला, त्यामुळे जरा थांबतो.

लष्कर शिकवतं ते 'लँड नॅव्हिगेशन'. कागदावर आठ आकडी ग्रिड रेफरन्स मिळतो, म्हणजे दहा मीटरच्या चौकोनातली जागा. १:५०,००० च्या नकाशावर ती प्रोट्रॅक्टरनं मांडायची, बेअरिंग काढायचं, अंतर मोजायचं, आणि होकायंत्र डोळ्यासमोर धरून पावलं मोजत निघायचं. माझी शंभर मीटरला बासष्ट जोडपावलं व्हायची, चढावर सत्तर. दर शंभर मीटरला एक गाठ किंवा एक मणी सरकवायचा. अंधारात, धुक्यात, तोफांच्या धुरात, भोवती काहीही दिसत नसताना माणूस ठरल्या जागी पोचला पाहिजे, असा हा विचार. आमच्या बी सर्टिफिकेटच्या पेपरात यातलं सगळं असायचं. तीन प्रकारच्या उत्तर दिशा तर तोंडपाठ. एन.सी.सी.च्या दिल्लीतल्या थल सैनिक कॅम्पमध्ये आजही नकाशावाचनाची स्पर्धा असते, आणि त्यासाठी तयार केलेली मुलं ग्रिड रेफरन्स झोपेतसुद्धा सांगतात.

ओरिएंटिअरिंगवाला मुलगा पावलं फारशी मोजत नाही. तो नकाशा घडी करून अंगठ्याएवढा करतो, अंगठ्याचं नख आपण आहोत त्या जागी टेकवतो आणि पळता पळता ते नख पुढे सरकवत राहतो. सरळ रेषेचं त्याला प्रेम नाही. ओढा आपल्या दिशेनं जात असेल तर जिन्याचा कठडा धरावा तसा ओढा धरून जातो. वर्तुळाच्या थोडं अलीकडे पायवाटेचं वळण, दोन ओढ्यांचा संगम असं न चुकणारं काहीतरी हेरून ठेवतो. तिथपर्यंत भरधाव जायचं, आणि तिथून पुढचं शंभर-दीडशे मीटर तेवढं जपून. ओढ्याकाठच्या कंट्रोलला जायचं असेल तर तो मुद्दाम थोडा डावीकडे नेम धरतो. ओढ्याला लागल्यावर मग उजवीकडेच वळायचं, हे नक्की असतं. अगदी नाकासमोर गेलं आणि झूल दिसली नाही, तर डावीकडे शोधायचं की उजवीकडे, यातच निम्मा जीव जातो. जाणूनबुजून थोडं चुकणं ही मला तरी या खेळातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली.

होकायंत्राची एक भानगडही इथे नकाशाच मिटवून टाकतो. त्या भागात सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे ११ अंश पश्चिमेला झुकते. हिशेबात धरलं नाही तर किलोमीटरमागे जवळजवळ १९० मीटरची चूक. लष्करी पद्धतीत हे बेरीज-वजाबाकीनं सोडवतात, आणि घाईत हमखास उलटं करतात. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावर उत्तरेच्या रेषा आखतानाच सुईच्या उत्तरेप्रमाणे आखतात. सुई रेषेला समांतर आली की झालं. आपल्या महाराष्ट्रात हा फरक एका अंशाच्याही आत आहे. आम्ही कॅडेट पेपरात त्यावर पाच मार्कांची गणितं सोडवायचो आणि डोंगरात गेल्यावर विसरून जायचो, तरी काही बिघडत नसे.

खेळ जन्मला मात्र सैन्यातच, हे खरं. 'ओरिएंटेरिंग' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो १८८६ मध्ये स्वीडनच्या कार्लबर्ग लष्करी अकादमीत, अनोळखी मुलूख नकाशा-होकायंत्रावर पार करणं या अर्थानं. नागरिकांसाठी पहिली खुली शर्यत १८९७ मध्ये नॉर्वेत झाली. पण त्याला पोरांचा खेळ केलं ते एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश मेजरनं. तो स्काउटचा पुढारी होता आणि स्टॉकहोमच्या अॅथलेटिक्स संघटनेतही होता. पोरं गोल ट्रॅकवर धावायला कंटाळली आहेत, मैदानं ओस पडतायत, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं त्यांना रानात सोडलं. मार्च १९१९ मध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेला नाक्का इथे त्यानं घेतलेल्या शर्यतीला दोनशेवर मुलं आली. तेव्हाची होकायंत्रं घड्याळासारखी, सुई थरथरत राहायची आणि कोन मोजायला वेगळा कोनमापक लागायचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शेल्स्ट्रोम बंधूंनी पारदर्शक पट्टीवर डबी बसवलेलं, होकायंत्र आणि कोनमापक एकच करून टाकणारं यंत्र बाजारात आणलं. ती सिल्वा कंपनी. त्यांतल्या ब्यर्ननं पुढे अमेरिकेत जाऊन हा खेळ रुजवला. आज नातीच्या अंगठ्याला पट्ट्यानं बांधलेलं होकायंत्र त्याच वंशातलं.

१९६१ मध्ये कोपनहेगनला दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, १९६६ मध्ये फिनलंडच्या फिस्कार्सला पहिली जागतिक स्पर्धा झाली. फिनलंडबद्दल एक सांगायचा मोह होतो. तिथे दर जूनमध्ये रात्री अकराला 'युकोला' नावाची रिले सुरू होते आणि सकाळ उजाडल्यावर संपते. १९४९ पासून चालू आहे. सात जणांचा संघ, कारण नाव आहे अलेक्सिस किवीच्या १८७० सालच्या कादंबरीतल्या युकोला घरच्या सात भावांवरून. ते भाऊ अक्षरओळख नको म्हणून रानात पळून गेलेले. त्यांच्या नावानं आता हजारो माणसं रात्रभर रानात वाचत पळतात.

दहा चौदाला नातीचा नंबर लागला. पिप् झालं, तिनं नकाशा उचलला, दोन सेकंद पाहिला आणि ती झाडांत दिसेनाशी झाली. आता तासभर काम नाही. हा खेळ बघायला आलेल्याला काहीच दिसत नाही. क्रिकेटमध्ये निदान पावसाची वाट बघता येते.

भाचीनं थर्मासमधून चहा ओतला आणि म्हणाली, "मामा, तू तुझा चकव्याचा किस्सा सांगितलास का तिला? नको सांगूस. घाबरेल."

किस्सा असा. १९८४ साल, मुळशीकडचा एन.सी.सी.चा कॅम्प, रात्रीचा मार्च. नऊ जणांचं सेक्शन, मी कमांडर, प्लास्टिकच्या पिशवीत एकच टोपोशीट. पठारावरून एका सोंडेनं उतरून ओढ्याकाठच्या देवळाशी पोचायचं होतं. आम्ही उतरलो, आणि उतरतच राहिलो. देऊळ काही येईना. नकाशात ओढा होता, इथेही होता. नकाशात उजवीकडे टेकाड होतं, तेही होतं. नसलेल्या देवळाबद्दल मी ठरवून टाकलं की ते पडलं असणार. वीस वर्षांपूर्वीचा सर्व्हे, सरकारी काम. आठ जणांना ते पटवलंही. मग आम्ही ओढ्याच्या कडेनं पुढे निघालो, आणि दीड तासानं आमच्याच बुटांच्या ठशांवर येऊन उभे राहिलो.

तिथे एक धनगरवाडा होता. कुत्री भुंकली म्हणून म्हातारा बाहेर आला. आमच्याकडे कंदील धरून एवढंच म्हणाला, "चकवा लागला तुम्हाला. बसा हितं." मी म्हटलं, आमच्याकडे नकाशा आहे. तो म्हणाला, "असंल. बसा." तंबाखूला आम्ही नाही म्हटल्यावर त्यानं गूळ-पाणी दिलं. अर्धा तास बसलो. चंद्र वर आला, डोंगराची कड स्वच्छ दिसायला लागली, आणि कुणी काही न सांगताच मला दिसलं की आम्ही शेजारच्या सोंडेनं उतरलो होतो. सकाळी आमच्या हवालदारसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नकाशा जमिनीवर बसवला होता, का जमीन नकाशावर?"

चकवा ही काय चीज आहे, हे मराठी माणसाला समजावावं लागत नाही. रानात माणूस गोल गोल फिरतो, ओळखीची वाट अनोळखी होते, पहाट होईपर्यंत सुटका नसते. गावोगावी त्यावरचे उतारे वेगवेगळे, पण एक सगळीकडे सारखा: चालणं थांबव, बस. भुताची गोष्ट म्हणून आपण ती सोडून देतो. पण २००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना अंगावर जी.पी.एस. लावून बीनवाल्डच्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चाला. ढगाळ दिवशी निघालेले चौघेही गोल फिरले. त्यांतल्या काहींनी स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. सूर्य दिसत असताना निघालेले दोघे जवळजवळ सरळ गेले. सहारात रात्री चालणारा एक जण चंद्र असेतो सरळ गेला आणि चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आला त्या दिशेलाच परतला. डोळे बांधल्यावर तर काही जणांची वर्तुळं वीस मीटरच्या व्यासाची निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, ही जुनी समजूतही त्यांनी तपासली. ती टिकली नाही. आपल्याला 'सरळ' म्हणजे काय याचा जो अंदाज असतो, त्यात पावलोपावली बारीक चूक होते आणि ती साचत जाते. बाहेरचा आधार नसेल तर ती दुरुस्त करायला माणसाकडे काही नाही. धनगरबाबा आम्हाला बसवून चंद्राची वाटच बघायला लावत होता.

माझ्या चुकीला ओरिएंटिअरिंगमध्ये 'पॅरलल एरर' म्हणतात. शेजारच्या, हुबेहूब तशाच सोंडेवर किंवा घळीत शिरणं. आणि मी पुढे जे केलं, पडलेलं देऊळ वगैरे, त्याला म्हणतात नकाशा वाकवणं. सगळ्यांकडून होतं, जगज्जेत्यांकडूनही. म्हणून नवख्या मुलांना पहिल्या आठवड्यात वाट शोधायला शिकवत नाहीत, हरवायला शिकवतात. थांब. नकाशा सुईला लाव. शेवटी नक्की कुठे होतास ते आठव. आठवत असेल तर तिथे परत जा, मग कितीही लांब असो.

एका बाबतीत मात्र आपली मुलं पुढे असू शकतात, आणि हे मी देशाभिमानानं म्हणत नाही. त्या सकाळी एक प्रशिक्षक नव्या मुलांना 'रीएन्ट्रंट' समजावत होते. मूठ वळून दाखवली, बोटांमधल्या खाचा दाखवल्या, जमिनीवर पाला सारून आकार केला. पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. कारण तो शब्द नकाशावाल्यांचा आहे, घरात कुणी बोलत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या पोराला घळ म्हटलं की संपलं. ओघळ, घळ, नाळ, सोंड, धार, खिंड, माची, पठार, सडा, कोंड. उंची, रुंदी, उतार, पाणी, सगळं एकेका शब्दात. एवढी तयार भाषा हाताशी असून आमच्या एन.सी.सी.च्या वर्गात आम्ही 'स्पर', 'सॅडल', 'नोल' अशी इंग्रजी यादी पाठ केली, आणि त्या यादीतली सोंड समोर आली तेव्हा ती ओळखली नाही.

अकरा वीस झाले. संघातली तीन मुलं परत आली, चौथाही आला. आमची नात नाही.

शेवटच्या टेबलावर एक वयस्कर स्वयंसेवक संगणकासमोर बसले होते. प्रत्येकानं, अर्ध्यातून सोडलं तरी, आपली कांडी इथे आणून वाचवून घ्यायची, नाहीतर शोधपथक निघतं, हा कडक नियम. ते शांत होते. मी दोनदा विचारल्यावर म्हणाले, शिट्टी ऐकली नाही ना कुणी, मग चालत असेल. शिट्टीच्या तीन फुंका म्हणजे मदत हवी. ती ऐकू आली तर ऐकणाऱ्यानं आपली शर्यत सोडून जायचं. हे सौजन्य नव्हे, नियमपुस्तकातलं कर्तव्य आहे.

ते कर्तव्य कसं पाळतात याची एक हकिकत या खेळातल्या सगळ्यांना माहीत असते. २००९, हंगेरीतलं मिश्कोल्त्स, जागतिक स्पर्धेची पुरुषांची रिले, शेवटचा टप्पा. स्वीडनच्या मार्टिन जोहान्सनच्या मांडीत पळताना लाकडाचा ढलपा खोल घुसला. फ्रान्सचा तिएरी जॉर्जिऊ, नॉर्वेचा अँडर्स नुर्डबर्ग आणि चेक संघाचा मिखाल स्मोला पदकासाठी झुंजत होते. तिघेही थांबले. जॉर्जिऊनं अंगातला शर्ट काढून जखमेवर बांधला, एक जण मदतीसाठी पळाला, त्याला रानातून बाहेर काढलं. सुवर्ण स्वित्झर्लंडला गेलं. त्या तिघांच्या संघांना त्या रिलेत काहीही मिळालं नाही. अशी गोष्ट मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात घातली की मुलं जांभई देतात. त्या टेबलापाशी उभं राहून आठवली तेव्हा मला जांभई आली नाही.

अकरा बावन्नला ती आली. पालथ्या मुठीनं नाक पुसत, पोटरीवर काट्यांचे ओरखडे, केसांत बीचची पानं. पळत नव्हती, चालतच आली. कांडी वाचली गेली. एक तास अडतीस मिनिटं. सगळे कंट्रोल बरोबर.

"सातवा," ती म्हणाली आणि माझ्या हातात नकाशा दिला.

सातवा कंट्रोल एका घळीच्या तोंडाशी होता. पायवाटेच्या वळणावरून तिनं रान धरलं, वाटेत उन्मळून पडलेल्या ओकला वळसा घातला आणि वळशानंतर दिशा पुन्हा लावली नाही. घळ मिळाली. ओढा होता. नकाशावरच्यासारखा धोंडाही होता. झूल नव्हती. दहा मिनिटं तिनं तो धोंडा चारी बाजूंनी शोधला. तिला वाटायला लागलं की कुणीतरी झूल काढून नेली.

"मग?"

"मग मी खाली बसले."

हे वाक्य तिनं काही विशेष न करता म्हटलं. तिला धनगराची गोष्ट कुणी सांगितलेली नाही, भाचीनं शपथ घातलेली. ओंडक्यावर बसून तिनं नकाशा सुईला लावला, तेव्हा दिसलं की सातव्याची घळ ईशान्येला उतरते आणि ही उतरतेय सरळ उत्तरेला. धोंडा जुळला, ओढा जुळला, पण उतार जुळेना. शेजारच्या घळीत चढून बघण्याचा मोह तिनं आवरला. उलट पायवाटेच्या वळणापर्यंत परत गेली, आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. सगळा मिळून तेवीस मिनिटांचा खड्डा. टेबलावरच्या छापील चिठ्ठीत तो स्वच्छ दिसत होता: सहा ते सात, सत्तावीस मिनिटं, बाकीच्या मुलांना चार-पाच.

संघात ती पाचवी आली. तिची वेळ धरली गेली नाही. पहिल्या तिघांच्या जोरावर शाळा दुसरी आली आणि फोटोत तीही उभी राहिली. गाडीत बसल्यावर तिनं आईचं डोकं खाल्लं, वळशानंतर दिशा लावायला मी विसरलेच कशी. मी पुढच्या सीटवर गप्प होतो. पडलेल्या देवळाचा सिद्धांत मी दहा मिनिटं नव्हे, दीड तास चालवला होता, आणि हवालदारसाहेबांनी विचारलं नसतं तर आजही चालवला असता.

पुण्याला परतल्यावर जुनी ट्रंक उघडली. टोपोशीट सापडली, घडीवर फाटलेली. भिंग घेऊन मुळशीची ती सोंड पाहिली. सर्व्हेची काही चूक नव्हती, देऊळ आहे तिथेच होतं. पण एक खरं. त्या नकाशावर उंचीच्या दोन रेषांत वीस मीटरचं अंतर आहे, आणि पंधरा मीटर खोलीची आख्खी घळ त्या दोन रेषांच्या मधे निवांत झोपू शकते. प्रिन्स विल्यमच्या नकाशावर हे अंतर पाच मीटरचं असतं, प्रमाण १:१०,००० चं. त्या खेळाचा नकाशा आकाशातून नुसता होत नाही. कुणीतरी तिथे दिवसचे दिवस पायी फिरून प्रत्येक झुडुप, बांध, धोंडा कागदावर आणावा लागतो.

आमच्या वेळी असा नकाशा करणं सोडाच, टोपोशीट मिळवायलाही अर्ज, शिक्का, सही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांचे नियम मोकळे केले. आता आपली टेकडी आपण मापून तिचा नकाशा करायला परवाना लागत नाही. संगणकाचा त्यासाठीचा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. अडचण एकच उरते: कुणीतरी चालायला पाहिजे.

गेल्या डिसेंबरपासून आम्ही चौघं वेताळ टेकडीवर चालतोय. तीन कॉलेजातली मुलं, तिघंही एन.सी.सी.तली, आणि मी. आत्तापर्यंत पाऊण चौरस किलोमीटर झालाय. खाण झाली, वेताळाच्या देवळाभोवतालचं झालं, पायवाटा मोजता मोजता जीव गेला. एक मुलगी घळी फार छान काढते. वाद आहे तो गिरिपुष्पाच्या झाडीवर. ऑगस्टमध्ये तिच्यात हात घालायला जागा नसते, म्हणजे गडद हिरवा. मार्चमध्ये पानं झडून नुसत्या काठ्या उरतात आणि आरपार पळता येतं, म्हणजे जवळजवळ पांढरा. आंतरराष्ट्रीय महासंघानं ठरवलेल्या खुणांत याला उत्तर नाही. शेवटी ठरलं की नकाशे दोन करायचे, पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. पावसाळ्याचा अर्धा झालाय.